घरटी एक माणूस

माले गावचा कुशाबा रस्त्यात भेटला की पाच मिनिटांच्या कामाला तासभर लागायचा, पण तो तास माणूस पोट धरून हसायचा. गोष्ट ब्याऐंशी सालची. भाताची झोडणी उरकली की पुढच्या पावसापर्यंत गावात हाताला काम नसायचं. पिरंगुटला कारखाने निघाले होते. पण तिथं दाखला मागायचे, आणि कुशाबा तर चौथीतच तीन वर्षं मुक्कामाला! म्हणून दर साली पुण्याला हमाली. तिथं ह्या गड्याला घरच्या आठवणीनं घास उतरायचा नाही.

त्या साली रोजगार हमीची बातमी आली. पन्नास माणसांनी मागणी केली, तर सरकार जवळच काम काढणार. आता घर सोडायला नको, म्हणून कुशाबा हरखला. दारोदार हाळी देऊन त्यानं माणसं चावडीवर नेली. तलाठी भाऊसाहेबांनी अंगठे मोजले.

"अडतीसच भरतात, कुशाबा."

"आवो, समदा गाव आनलाय! येक घर सोडलं न्हाई!"

"घरं नकोत, माणसं पाहिजेत. दिवस मावळेपर्यंत बारा आण, नाहीतर अर्ज राहिला."

कुशाबा घरी येऊन पडशी भरू लागला. गोजराबाई भाकरी थापत होती.

"कुटं निगाली स्वारी?"

"पुन्याला. गाव सपला, पर पन्नास भरंनात."

"नेलं तरी कुनाला?"

"घरटी येक. इर्जिकीला नेतो तसं."

इर्जिक म्हणजे एकमेकांच्या शेतात फुकट राबायचं आणि शेतमालकानं सगळ्यांना जेवू घालायचं. तिथं घरटी एकच माणूस बोलावतात. जास्त नेली तर मालकाच्या चुलीवर भार. ह्या बहाद्दरानं तीच रीत सरकारला लावली होती!

गोजराबाई हसता हसता पिठाचा हात तोंडाला लावून बसली. "आवं, सरकार काय मटान-भाकरी घालतंय व्हय, म्हून त्येची काळजी करताय? लावनी कोन करतंय? कापनी कोन करतंय? माजा आंगठा काय उष्टा हाय?"

"तू येशील?"

"मी येती, आन आळीच्या समद्या बाया आनती. तुमी म्होरं व्हा. भाऊसाहेबास्नी गप्पांत गुतवा, त्येवढं येतंय तुमास्नी."

कुशाबानं ते काम चोख केलं. भाऊसाहेबांनी सायकलीला हात लावला, की ह्यानं नवी गोष्ट काढलीच. तिसरी गोष्ट ऐन रंगात आली आणि गोजराबाई सत्तावीस बाया घेऊन चावडीत शिरली. भाऊसाहेब शाईचा डबा उघडत म्हणाले, "आता जागा पुरेना की!"

माघात वाडीच्या रस्त्याचं काम निघालं. बाईला गड्याएवढाच दर, म्हणून बाया पहाटेपासूनच तयार. मुकादमानं विचारलं, "कुशाबा, जोडीला कोण?"

"ही काय, मालकीण."

तो खणणार, ती घमेलं वाहणार. दोन घमेली झाली नाहीत तोवर कुशाबा टिकावावर रेलला आणि पलीकडच्या जोडीला सांगू लागला, "येकदा काय झालं..."

"काय बी झालं न्हाई!" गोजराबाई रिकामं घमेलं आपटून म्हणाली. "खना आदी!"

सगळी रांग हसली. कुशाबाही हसला, हातावर थुंकला आणि खणू लागला.