राहिलेलं आभारप्रदर्शन

बाबा अमेरिकेत आले आणि दुसऱ्याच आठवड्यात परतीची तारीख अलीकडे आण म्हणून मागे लागले. राहायचं ठरलं होतं सहा महिने. "इथे माझं काय काम?" हे त्यांचं पालुपद. ऐंशी सालाच्या सुमारास मी त्यांचं न ऐकता इकडे आले, तेव्हापासून आमचं बोलणं पत्रातल्या खुशालीपुरतंच उरलं होतं. ते सुधारावं म्हणून मी त्यांना बोलावलं, तर हे कॅलेंडर घेऊन बसलेले!

आमच्या शहराच्या चौकात युरोपातल्या एका चिमुकल्या देशाच्या राष्ट्रकवीचा पुतळा होता. शनिवारी त्याची जयंती आहे असं कळलं. बाबा निवृत्त मुख्याध्यापक. जयंती म्हटल्यावर त्यांनी लगेच कोट चढवला.

चौकात त्या देशातून आलेली म्हातारी मंडळी जमली होती. पुष्पचक्र वाहिलं, एका आजींनी कविता म्हटली, दोन भाषणं झाली. सगळं त्यांच्या भाषेत. एक अक्षर कळत नसताना बाबा मान डोलावत होते. मग अचानक लोक खुर्च्या आवरू लागले.

"अगं, आभारप्रदर्शन राहिलं!" बाबा हादरलेच.

"बाबा, इथे तसलं फॉर्मल काही नसतं. प्लीज, चला."

पण गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाचे आभार तीस वर्षं त्यांनीच मानले होते. मी कोट धरेपर्यंत ते माइकपाशी पोचलेसुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इंग्रजीत त्यांनी यजमानांचे, आजींचे, खुर्च्या लावणाऱ्यांचे आभार मानले. कवीच्या डोक्यावर शेवटपर्यंत शांत बसलेल्या कबुतराचेही मानले. मंडळी खदखदून हसली आणि पुन्हा खाली बसली. मग बाबांनी घसा खाकरला आणि ते मराठीत बोलू लागले.

"शेवटी माझ्या मुलीचे. ती इकडे निघाली तेव्हा मी दारापर्यंतसुद्धा गेलो नाही. तरी तिने मला बोलावलं. तिचे आभार मानायचे राहून गेले होते."

त्यांनी हात जोडले. काही न कळूनही म्हाताऱ्यांनी सगळ्यात जोरात टाळ्या याच वाक्याला वाजवल्या. मी मात्र भर चौकात ओक्साबोक्शी रडत होते.

गाडीत बाबांनी कोट काढून त्याची नीट घडी घातली. मग म्हणाले, "या कवीची पुण्यतिथी कधी असते गं?"

मी चौकशी केली. बाबांच्या परतीच्या तारखेनंतर तीन आठवड्यांनी होती. तिकिटाची तारीख शेवटी बदललीच. चांगली महिनाभर पुढे.