अक्काची हरतालिका

मला किडनी दिली ती माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं. हे आधी सांगतो, मग बाकीचं.

आज सकाळी चाळीच्या नळावर शेजारच्या वहिनी कळशी भरत होत्या. हात ओले, ओठ मात्र सुकलेले. मी माझी बाटली पुढे केली तर हसल्या, "भाऊजी, आज हरतालिका. थेंबभरसुद्धा नाही."

डायलिसिसवर होतो तेव्हा मी वाटीनं मोजून पाणी प्यायचो. आता डॉक्टर म्हणतात, भरपूर पी. तरी घोट घेताना हात थबकतो.

अक्का लग्नाआधीपासून हा उपास निर्जळी करायची. म्हणून गावी फोन लावला.

"अक्का, उपास आहे?"

"आहे की. पण पाणी पिते बाबा. तुझ्या डॉक्टरनं दटावलंय ना! देवी घेईल समजून. तू प्यालास का पाणी?"

इतक्या वर्षांचं व्रत माझ्यापायी मोडलं, आणि ती माझीच तहान विचारते.

ऑपरेशननंतर ती भिंतीला धरून माझ्या खाटेपाशी आली होती. काय बोलावं सुचेना, म्हणून मी झोपेचं सोंग घेतलं. ती माझी चादर सारखी करून परत गेली. सातवीत मी शाळा सोडली तेव्हाही इतकी चुटपुट लागली नव्हती.

अक्का, मला वजन उचलायची परवानगी मिळू दे. एखाद्या हरतालिकेला गावी येईन, आडावरनं तुझ्या घरचं पाणी भरीन, आणि पहिला तांब्या तुझ्या हातात देईन. जागेपणी.