संयुक्ताचा आवाज

“तुम्ही हो म्हणालात ते कुणाला विचारून?” कनकानं नवऱ्याला विचारलं.

“विचारायचं काय त्यात?” रविकांत म्हणाला. “चार वाक्यं बोलायची आहेत. तीही पडद्यामागून.”

“पडद्यामागून, म्हणूनच विचारते.”

“अगं, बालाजीमामांचा फोन होता. तुझेच मामा. त्यांना नाही कसं म्हणू?”

“मी इथेच होते. चार पावलांवर. डोशाचं वाटत होते. मला हाक मारता येत नव्हती?”

“ग्राइंडर चालू होता.”

“ग्राइंडरला बटण असतं.”

शनिवारची दुपार होती. तमिळ मुलखातल्या या शहराच्या कडेला, आवडी स्टेशनच्या पलीकडे तिसऱ्या मजल्यावरच्या या घरात शनिवारी सगळे घरी असतात. रविकांतची ओरगडमला जाणारी कंपनीची बस नसते, कनका शिकवते ती शाळा नसते. खिडकीपाशी सासूबाई, राजसबाई, तांदूळ निवडत बसल्या होत्या. सोफ्यावर आडवी पडून बारावीतली हरिणी फोन बघत होती. आईचा आवाज चढला तशी ती उठून बसली.

“कसली वाक्यं? अम्मा कुठे बोलणार आहे?”

रविकांतनं आपल्या आईकडे बघितलं, राजसबाईंनी सुपाकडे.

“सांगा ना,” कनका म्हणाली. “हो सांगताना जीभ चालली, आता सांगायलाही चालवा.”

तेव्हा रविकांतनं सांगितलं. हरिणी ज्या सिनेमावर महिनाभर वेडी झाली होती, त्याला यंदा पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. पुढच्या रविवारी मोठ्या सभागृहात कार्यक्रम होता, आणि जुने सगळे नट येणार होते. नायिका संयुक्ता पुण्याहून येणार होती. तिला स्टेजवर नायकाशी चार वाक्यं बोलायची होती, त्या वेळच्या आवाजात. आणि तो आवाज...

“तो आवाज अम्माचा आहे,” रविकांत म्हणाला.

हरिणी हसली. मग तिचं हसू थांबलं.

सिनेमा हरिणीच्या जन्माआधीचा. ट्यूशन क्लासमधल्या मुलामुलींची गोष्ट. दोन वेण्या, लाल रिबिनी, सायकली, बोर्डावर लागलेला रिझल्ट. तो नव्यानं धुऊनपुसून थेटरात लागला होता आणि हरिणीच्या अख्ख्या वर्गानं तो तीन-तीनदा बघितला होता. बसस्टॉपवर संयुक्ता नायकाला म्हणते, “पास आना सोल्लु.” मग क्षणभर थांबते, श्वास घेते. “आगलेन्नालुम् सोल्लु.” पास झालास तर सांग, नाही झालास तरी सांग. बस्स, एवढंच. पण त्या मधल्या श्वासावर या शहरातली पोरं जीव टाकत होती. हरिणीनंही लाल रिबिनी आणून, आरशासमोर ओठ हलवून, त्या वाक्याचा रील केला होता. ते ती करत होती तेव्हा कनका मागच्या खोलीत कपडे घडी करत होती. आपलाच आवाज आपल्या मुलीच्या तोंडातून दहा-बारा वेळा ऐकून तिनं दार लावून घेतलं होतं.

“त्या वेळी किती स्वीट होतं सगळं, ना?” हरिणीनं त्या दिवशी विचारलं होतं.

काय स्वीट होतं? त्या वर्षी कनका सोळा वर्षांची होती. नळाला पाणी नव्हतं. सकाळी साडेचारला टँकरच्या रांगेत घागरी लावून मग ती शाळेला जायची. लाल रिबिनी तिनंही बांधल्या होत्या, शाळेत नाही बांधल्या तर बाई वर्गाबाहेर उभ्या करायच्या म्हणून.

बालाजीमामा स्टुडिओत ध्वनिमुद्रणाला होते. संयुक्ता पुण्याची, तिला तमिळचं अक्षर येत नव्हतं, आणि दिग्दर्शकाला मराठी येत नव्हतं. मामांनी भाचीला उन्हाळ्याच्या सुट्टीत नेलं ते दुभाषी म्हणून. तंजावरकडे पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या घरातलं आपलं जुनं मराठी पुण्याच्या मुलीला कळेल, असं मामांना वाटलं. पहिल्याच दिवशी कनकानं संयुक्ताला विचारलं, “आपणांस पाणी उदंड पाहिजे की थोडं?” संयुक्ता हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. “किती गोड! कुठल्या शतकातून आलीस गं तू?” ती सगळ्यांना बोलावून कनकाला पुन्हा बोलायला लावायची. कनकाला त्याचा राग आला नव्हता. गोरीपान, तिच्याच वयाची नटी आपल्याकडे बघून हसते, याचंच तिला अप्रूप होतं.

मग एके दिवशी संयुक्ताला तमिळ आवाज देणारी बाई आली नाही, आणि मामा म्हणाले, पोरी, तू बोलून बघ. काळ्या खोलीत पडद्यावर तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरायचा आणि संयुक्ताचे ओठ उघडतील तिथे कनकानं शब्द टाकायचे. बसस्टॉपच्या दृश्यात संयुक्ता पुढचं वाक्य विसरली होती. तोंड अर्धवट उघडून दोन सेकंद नुसतीच उभी होती. पुन्हा चित्रीकरण करायला वेळ नव्हता. दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसला. ते दोन सेकंद कनकानं श्वासानं भरून काढले. रिकामं तोंड भरायला दुसरं काय होतं?

दिग्दर्शक भला होता. सिनेमाच्या सुरुवातीला पोरीचं नाव टाकतो म्हणाला. तर कनकाचे वडील कृष्णाजी, दारूगोळ्याच्या कारखान्यातले हेडक्लार्क, इस्त्रीचा शर्ट घालून स्टुडिओत गेले आणि हात जोडून म्हणाले, आमच्या घराचं नाव सिनेमाच्या पडद्यावर नको, पोरीचं लग्न व्हायचं आहे. लोक नाव लागावं म्हणून पाया पडतात. हे नाव काढा म्हणून पाया पडायला गेले. दिग्दर्शकानं नाव काढलं. पुढची चार वर्षं कनका गुपचूप आवाज देत राहिली, कधी नायिकेच्या मैत्रिणीला, कधी जाहिरातीतल्या मुलीला. मग हे स्थळ आलं. राजसबाईंनी कुंकू लावायच्या आधी एकच अट घातली होती.

“नी एन्किट्ट पोय् सोन्ने,” हरिणी म्हणाली. रागावली की तिचं मराठी संपतं. तू माझ्याशी खोटं बोललीस, असं ती म्हणत होती.

“खोटं नाही बोलले. बोलले नाही, एवढंच.”

“मागच्या आठवड्यात तिची मुलाखत दाखवली तुला, तेव्हा तरी सांगायचंस!”

ती मुलाखत आठवली आणि कनकाच्या कानशिलात पुन्हा रक्त चढलं. हरिणीनं सगळ्यांना बोलावून दाखवली होती. केस छान कापलेली, एक्केचाळीसची न दिसणारी संयुक्ता सांगत होती, की तमिळ मी तीन महिने खपून शिकले. आवाज माझाच. आणि तो श्वास? तो कागदावर नव्हताच, तो माझ्या आतून आला. मुलाखत घेणाऱ्यानं डोळे पुसले होते. रविकांतही “वा” म्हणाला होता. लग्नाला वीस वर्षं झालेला नवरा, सगळं माहीत असलेला.

“रेकॉर्ड वाजवता येत नाही का त्यांना?” हरिणीनं विचारलं.

“नाही ना. स्टेजवर नवीन वाक्यं आहेत,” रविकांतला बोलायला जागा मिळाली. “नायक विचारणार, पंचवीस वर्षांनी रिझल्ट सांगतो, ऐकणार का? मग ती बोलणार. तिचा आवाज आता घोगरा झालाय म्हणे. आणि लोकांना तोच हवा. म्हणून अम्मा आत माइक घेऊन उभी राहील, आणि ती पुढे ओठ हलवेल. पहिल्या रांगेचे तीन पास दिलेत मामांनी. तुला फोटो काढता येईल तिच्याबरोबर.”

“म्हणजे बायकोच्या जिवावर तीन पास,” कनका म्हणाली. “तेही वाटून झाले. मी त्यात धरलेलीच नाही.”

“तू आत असशील ना.”

“ओरडू नको गे,” राजसबाई सुपातून मान न उचलता म्हणाल्या. “शेजारी ऐकतात. आत उभं राहाचं, बोलाचं, याचं. त्यात काय उदंड झालं?”

“आत्याबाई, तुम्ही बोलू नका.”

“का बोलू नको?”

“याच आवाजाला तुम्ही नको म्हणाला होता. सिनेमात बोलणारी सून नको. माझी आई तुमच्यापुढे रडली होती. तेव्हा वाईट होतं, ते आता बरं कसं झालं?”

राजसबाईंनी एक खडा वेचून बाजूला ठेवला. त्या खोटं बोलणाऱ्या बाई नव्हत्या, तेच वाईट होतं.

“तेव्हा अवघ्यांस कळलं असतं,” त्या म्हणाल्या. “आता कोणास कळतं?”

हरिणीनं आजीकडे बघितलं, मग आईकडे. पण सतराव्या वर्षी माणूस किती वेळ दुसऱ्याच्या दुःखात थांबणार? तिनं फोन उचलला. “अम्मा, आत्ता बोल ते वाक्य. मी शूट करते. ‘माय मदर इज द रिअल व्हॉइस’. एका तासात वेड लागेल सगळ्यांना!”

“फोन खाली ठेव.”

“अगं पण तू बोलली नाहीस तर कोण विश्वास ठेवणार?”

“नको ठेवू देत. मी काय माकड आहे? ती पुण्याची बोल म्हणाली की बोलायचं, तू बोल म्हणालीस की बोलायचं?”

हरिणीचा चेहरा पडला. तिनं हळूच विचारलं, “पण मग फोटोचं काय?”

त्या एका प्रश्नानं कनकाच्या मनातलं उरलंसुरलं काहीतरी सुटलं. ती आत गेली, ओल्या हातांनीच आपला फोन घेऊन आली आणि बालाजीमामांना लावून टेबलावर ठेवला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा.

“कनका! बरी आहेस की गे?” मामा आता सत्तरीचे होते. “रविकांतानं सांगितलं ना तुला?”

“सांगितलं. मामा, संयुक्ताला माहीत आहे का, आत कोण उभं राहणार ते?”

“माहीत म्हणजे काय, तिनंच निरोप दिला. ती जुनं मराठी बोलणारी मुलगी अजून मिळेल का, म्हणून.”

“नाव?”

“काय?”

“माझं नाव घेतलं का तिनं?”

“पंचवीस वर्षं झाली, पोरी. नाव कुठून आठवणार?”

“मुलाखतीत तिला सायकलचा रंग आठवला. बसस्टॉपवर एक कुत्रं होतं, त्याचं नाव आठवलं.”

रविकांतनं फोनकडे हात नेला, कनकानं तो बाजूला केला.

“स्टेजवर माझं नाव सांगतील?”

“आता कसं सांगणार? आवाज तिचाच, असं ती सगळीकडे सांगून बसली आहे. तुझं नाव घेतलं तर ती खोटी पडते.”

“ती खोटीच आहे, मामा.”

“असेल. पण या वेळी सांभाळून घे. माझ्या शब्दासाठी. मी त्यांना हो म्हणून गेलो.”

“तुम्ही हो म्हणालात, यांनी हो म्हटलं, आत्याबाईही हो म्हणतात. मी नाही म्हणते. त्यांना आजच कळवा, दुसरी शोधायला आठवडा मिळेल.”

“कनका, त्या आवाजाची दुसरी कोण मिळणार?”

“मग घोगऱ्या आवाजात बोलू दे तिला. तिचा तोच आहे.”

पलीकडे मामांनी सुस्कारा टाकला. कनका फोन बंद करील असं सगळ्यांना वाटलं. ती उभीच राहिली. तिसरीच्या वर्गात वीस वर्षं पाढे म्हणून घेतलेल्या या घशात काय उरलंय, हे तिलाही ठाऊक नव्हतं. मामांना मात्र फोनवर ते ऐकू येत असावं.

“तुमच्या स्टुडिओत अजून काम असतं का?” तिनं विचारलं. “गर्दीचे आवाज. आया, माम्या, भाजीवाल्या. जे असेल ते.”

“असतं की. शनिवारी कार्टूनचं असतं. पण आता ओळखीवर घेत नाहीत, आधी परीक्षा घेतात. पोरगा असतो एक पंचविशीतला, तो ऐकून ठरवतो.”

“परीक्षा देते. माझं नाव लिहून घ्या. सगळं नाव लिहा.”

“कृष्णाजी असते तर...”

“ते नाहीत. लिहा तुम्ही.”

फोन बंद झाला. राजसबाईंच्या मांडीवरचं सूप कलंडलं होतं आणि तांदूळ फरशीवर सांडले होते. त्यांनी ते गोळा केले नाहीत.

“तुम्ही मला मामांपुढे खाली पाहायला लावलंत,” रविकांत म्हणाला. रागात तो बायकोला ‘तुम्ही’ म्हणतो.

“बघा थोडं खाली. मी वीस वर्षं बघतेय.”

“आणि वाणीच्या मुलाच्या मुंजीत अवघे विचारतील, तेव्हा?” राजसबाई म्हणाल्या. वाणी त्यांची धाकटी लेक. “सून सिनेमात काम करते का, मणून?”

“हो, करते, असं सांगा. तुम्हाला जमलं नाही तर मी सांगेन.”

हरिणीनं फोन उलटा करून मांडीवर ठेवला होता.

कनकानं पदराला हात पुसले.

“ऐका सगळ्यांनी. रविवारी मी जाणार नाही. तुम्ही जा नाहीतर जाऊ नका, पास तुमचे आहेत. पुढच्या शनिवारपासून मी सकाळी सातच्या लोकलनं साळिग्रामला, स्टुडिओत जाणार, आणि संध्याकाळपर्यंत येणार नाही. परीक्षेत नापास झाले तर पुन्हा देणार. शनिवारचा स्वयंपाक तुम्ही तिघांनी आपसात ठरवून घ्या.”