हिरव्या शिक्क्याची झडती

माझी मावशी रागीट नव्हती, डूख धरणारी होती. राग येतो आणि जातो. मावशीने सात वर्षं डूख धरला आणि वेळच्या वेळी खाऊपिऊ घालून तो धडधाकट ठेवला.

त्याआधी ती एका कोंबड्यांच्या फार्मवर कामाला होती. चार हजार कोंबड्या, दोन शेड आणि अंड्यांच्या पाकिटावर हिरवा शिक्का: 'मोकळ्या कोंबड्यांची अंडी'. शिक्क्याची अट अशी, की शेडची खालची छोटी दारं रोज उघडायची आणि कोंबड्यांना बाहेर गवतात हिंडू द्यायचं. मालक ती दारं फक्त तपासणीच्या दिवशी उघडायचा. बाहेर सोडल्या की कुठेही अंडी घालून ठेवतात, म्हणायचा. मावशीने त्याच्याशी किती हुज्जत घातली, पण तो ढिम्म हलला नाही.

एकदा तपासनीस न सांगता आला. दारं बंद, खालचा भुसा ओला, वासाने डोळे झोंबत होते, कोपऱ्यात मेलेल्या कोंबड्या. मालकाने सगळ्यांदेखत मावशीकडे बोट दाखवलं.

"हिला सांगून सांगून जीभ झिजली माझी, साहेब!"

अहवालात मावशीचं नाव गेलं. पुढे 'कामगाराचा निष्काळजीपणा'. शिक्का राहिला, मावशी गेली. आसपासच्या एकाही फार्मने तिला दारात उभं केलं नाही.

ती आमच्याकडे राहायला आली. सकाळी शाळेचे वर्ग झाडायची आणि दुपारी ओट्यापाशी बसून शिक्का देणाऱ्या संस्थेची नियमावली घोकायची. तपासनीसाच्या परीक्षेत दोनदा आपटली.

आई म्हणाली, "सोड ना गं आता."

"सोडलं असतं, ताई. पण त्याने माझं नाव घातलंय कागदावर."

तिसऱ्या खेपेला पास झाली, नोकरी लागली. मग एकदा यादीत तोच फार्म आला. जिथे काम केलं तिथे तपासणीला जाता येत नाही, असा नियम. मावशीने स्वतःच वरिष्ठांना सांगितलं. उद्या मालकाला बोट ठेवायला जागा नको होती. तिच्याऐवजी जनावरांची एक तरुण डॉक्टर निघाली. मावशीने तिला चहा पाजला आणि नियमावलीत आहे तेवढंच सांगितलं.

"दारं उघडीच दिसतील. तुम्ही बाहेरचं गवत बघा. कोंबड्या रोज फिरत असतील तर दारापाशी गवत टिकत नाही. आणि वास उभ्याने घेऊ नका, कोंबडीच्या उंचीला बसून घ्या."

गवत गुडघाभर होतं. दारं सताड उघडी आणि कोंबड्या उजेडाला बिचकून मागच्या भिंतीला चिकटलेल्या. उचलून पाहिल्या त्यातल्या निम्म्याहून जास्त कोंबड्यांच्या तळव्यांना फोड. शिक्का गेला.

मालक अपिलाचा अर्ज भरायला कार्यालयात आला. खिडकीत मावशी. त्या दिवशीची पाळी तिने मागून घेतली होती. तिला बघून त्याचा चेहरा उतरला. तरीही 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात तो कुणा कामगाराचं नाव लिहायला लागला.

"खोडा ते," मावशी म्हणाली. "कामगाराचं नाव आता चालत नाही. मालकाचंच लागतं. मीच मागे लागून नियम करून घेतलाय."

"बाई, झालं गेलं विसरा."

"विसरते की. आधी नाव लिहा. स्पष्ट अक्षरात."

त्याने लिहिलं. अपील फेटाळलं गेलं. मोठ्या दुकानांनी त्याची अंडी घेणं बंद केलं, तेव्हा त्याने सगळ्या कोंबड्या एका पिंजऱ्यांच्या फार्मला विकून टाकल्या. ट्रक भरायच्या दिवशी मावशी मुद्दाम बसने गेली आणि फाटकाबाहेर उभी राहिली.

परत आल्यावर आईने विचारलं, "कोंबड्या बघायला गेली होतीस?"

"त्याचं तोंड बघायला."

"आणि कोंबड्यांचं काय? तिथे शिक्काच नाही, मग तपासायला तरी कोण जाणार?"

मावशीने चपला काढून भिंतीशी नीट लावल्या.

"ठाऊक आहे मला, ताई," ती म्हणाली. "तरी मी हेच केलं असतं."