पाय कुणी हलवला
बायको गॅस पेटवताना लायटर टकटक वाजवते आणि माझं डोकं आजही फिरतं. बोईसरच्या त्या दवाखान्यात चुंबकाचं मशीन असंच वाजायचं. दांडीच्या बंदरात होडीवरून पडून माझ्या कण्याला मार बसला होता आणि दोन्ही पाय लुळे पडले होते. मला कुशीवर झोपवून कमरेवर चुंबकाचं वेटोळं ठेवायचे. टक झालं की पाय उडायचा. "काका, त्याच वेळी तुम्हीपण जोर लावा," व्यायाम घेणारी मुलगी सांगायची, आणि मी घाम फुटेपर्यंत लावायचो. एक दिवस मोठे डॉक्टर पाहुणे घेऊन आले. मला न विचारता त्यांनी लुंगी वर सारली, मशीन वाढवलं आणि माझ्या पायाने लाथ झाडली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. मी जन्मभर मासळी घेतली ती टोपलीच्या तळाशी हात घालून, वरची चार पापलेटं बघून नाही. मी ओरडलो, "मशीन बंद करा! आता बघा, माझ्यात काय हाय ते." मशीन थांबलं. मी दात आवळून जोर लावला, पण काहीच हललं नाही. "होईल हळूहळू," म्हणत डॉक्टर पाहुण्यांना चहाला घेऊन गेले. दार लागलं आणि अंगठा हलला, जेमतेम तांदळाएवढा. "हालला वो, अंगठा हालला!" उशाशी बसलेली बायको ओरडली, बघायला ती एकटीच होती. आता मी काठी टेकत बंदरावर जातो. दवाखान्याच्या भिंतीवर मात्र अजून त्या लाथेचाच फोटो आहे. ती लाथ माझी नव्हती. माझी असती, तर नेम धरून मारली असती.