पहिल्या संघाच्या पुढे

कॉलेजच्या मैदानाला लागून क्रीडासाहित्याची खोली होती आणि त्या खोलीत काका सव्वीस वर्षं बसले होते. खिडकीला जाळी, जाळीला मध्ये एक चौकोनी भोक. त्या भोकातून चेंडू, जाळ्या, रॅकेटी द्यायच्या आणि सही घ्यायची, एवढंच खरं तर त्यांचं काम. पण फ्रिसबीच्या संघाचा विषय निघाला की हा माणूस खुर्चीत मावत नसे. त्यांना प्रशिक्षक म्हणून कुणी नेमलं नव्हतं. संघाला दुसरं कुणी मिळालं नाही, यांना दुसरं काही सुचलं नाही, म्हणून जमून गेलं.

या कॉलेजात फ्रिसबी आणली तीच मुळी त्यांच्या बॅचनं. तेव्हा ते काका नव्हते, चिकट्या होते, कारण हवेतली तबकडी त्यांच्या हाताला चिकटायचीच. फेकणारा लंबू. पहिले दोन महिने तर खरी तबकडीही नव्हती. रंगाच्या डब्याचं झाकण फेकत होते. त्या झाकणानं एकदा लंबूची भुवई फोडली, तीन टाके पडले, आणि दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या पट्टी बांधून मैदानावर हजर! खेळ संपला की सात जणांत पाण्याची एक बाटली फिरायची. अंधार पडेपर्यंत पायरीवर बसून कोण कसं पडलं याच्या नकला चालायच्या. आयुष्यातले चांगले दिवस ते तेवढेच, असं काका कुणालाही सांगत. "लग्नाचा दिवस धरलात का त्यात?" असं बायको आतून विचारी, मग काका घाईघाईनं तोही धरत.

त्याच वर्षी त्या संघानं कप आणला. तो काचेच्या कपाटात वरच्या फळीवर होता. बाकीचे कप काका स्वतः फडक्यानं पुसत, तो मात्र नेहमी दुसऱ्या कुणाला तरी पुसायला सांगत.

दर मोसमात पहिले तीन सामने झाले की ते संघाच्या प्रगतीचं एक पान लिहीत. फेक कशी, धाव कशी, कोण दमतं, कोण उगाच ओरडतं. शेवटची ओळ दरवर्षी तीच: 'पहिल्या संघाच्या पुढे अजून नाही.' मुलांना ती पाठ झाली होती. कुणाचा झेल सुटला की बाकीचे एका सुरात ती म्हणत.

यंदा मात्र त्या पानावर बरंच काही अवलंबून होतं. नव्या क्रीडाप्रमुख मॅडमनी स्पष्टच सांगितलं होतं, "काका, फुटबॉलवाल्यांना मैदान कमी पडतंय. सोमवारी तुमचं पान द्या. प्रगती दिसली तर मंगळवार-गुरुवार तुमचे. नाहीतर माझा नाइलाज आहे."

आणि संघ पहिले दोन सामने सपाटून हरला होता. तिसरा घरच्याच मैदानावर होता. सकाळी काकांनी स्वतः दोरी ताणून फक्की मारली, रेघा पांढऱ्याशुभ्र केल्या. दुपारी गुण झाले बारा-बारा. पुढचा गुण घेईल तो जिंकणार. कप्तान मुलीनं समोरच्यांच्या मागच्या रेघेपाशी, जिथं झेल घेतला की गुण मिळतो तिथं, उडी मारली आणि तबकडी दोन्ही हातांत दाबून धरली. पोरांनी आरडाओरडा करत तिला मिठ्या मारल्या. काकाही टोपी उडवून मोकळे झाले.

कप्तानानं खाली पाहिलं. तिच्या बुटाच्या टोकाला फक्की लागली होती.

या खेळात पंच नसतो. रेघ ओलांडली, तबकडी जमिनीला लागली, हे ज्याचं त्यानं सांगायचं आणि समोरच्यानं त्याचा शब्द मानायचा. समोरच्या कुणालाही काही दिसलं नव्हतं. मुलीनं हात वर केला आणि म्हणाली, "बाहेर." तबकडी समोरच्यांकडे गेली आणि तीन फेकींत सामना गेला.

काका टोपी उचलून थेट खोलीत जाऊन बसले. पोरांना वाटलं, म्हातारा भडकला. काका भडकले नव्हते. त्यांना अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यातला शेवटचा झेल आठवत होता. लंबूची फेक खाली आली, चिकट्यानं सूर मारला, पण बोटं तिच्याखाली जायच्या आधीच तबकडी गवताला लागली होती. त्यांच्या हाताला ते कळलं होतं. समोरची मुलगी धापा टाकत आली आणि तिनं विचारलं, "वर होती ना?" हे म्हणाले, "वर होती." "बरं," ती म्हणाली, आणि तिनं हात मिळवला. तिनं वाद घातला असता तर ते इतकं लागलं नसतं.

रविवारी काकांनी पान लिहिलं. पहिल्या सामन्यात सुटलेले झेल एकोणीस, तिसऱ्यात सात. धाव सुधारली. ओरडणं आहे तेवढंच. मग शेवटच्या ओळीपाशी त्यांचं पेन थांबलं ते चहा गार होईपर्यंत. अखेर त्यांनी लिहिलं: 'पहिल्या संघाच्या पुढे.'

मॅडमनी सोमवारी ते वाचलं. "तीनही सामने हरून? काका, पहिल्या संघानं कप आणला होता."

"तो आपला नव्हता, मॅडम," काका म्हणाले, आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. मॅडमनी पानाखाली सही केली. "मंगळवार-गुरुवार राहू देत," त्या म्हणाल्या.

खोलीच्या खिडकीशी कप्तान तबकड्या परत करायला उभी होती. डोळे सुजलेले. "आठही आहेत, मोजून घ्या. माझ्यामुळं मैदान गेलं ना?"

"मैदान आहे. तू चुकली नाहीस, मी चुकलो होतो," काका म्हणाले, आणि तिलाही सांगितलं. वाटलं होतं, पोरगी तोंड फिरवेल. ती म्हणाली, "मग त्यांना सांगितलंत?"

"अगं, अठ्ठावीस वर्षं झाली."

"आम्हाला नाही सांगायचं काका, आपण समोरच्याला सांगतो ना?" असं म्हणून ती आठही तबकड्या उचलून पुन्हा मैदानावर निघून गेली.

काकांनी लंबूला फोन लावला. "आपल्या अंतिम सामन्यातली ती मुलगी आठवते का रे? तिचा नंबर कुठून मिळेल?"

कशाला हवाय, ते लंबूनं विचारलं नाही. त्यानं नंबर तोंडपाठ सांगितला. "घे लिहून," तो म्हणाला. "मी पण जवळूनच फेकली होती, चिकट्या. मला दिसलं होतं. तीनदा लावलाय मी हा नंबर. तिनं उचलला की ठेवून देतो."