चार वळणं आणि बाभळीची डहाळी

अमावास्या कधी आहे हे आमच्या घरात फक्त कॅलेंडरला माहीत असतं. भुताखेतांचे किस्से निघाले की सगळ्यात आधी खिदळणारी मीच. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण मनात ठेवूनही चैन पडत नाही.

मी इंटिरियर डिझायनर, राहते धाराशिवला. गेल्या उन्हाळ्यात भूम तालुक्यातल्या एका नव्या दवाखान्याचं काम हाती होतं. वाचता न येणाऱ्यांनाही रस्ता सापडावा म्हणून फरशीवर पानांच्या ओळी – ईसीजीकडे लिंबाची पानं, लॅबकडे पिंपळाची. मधे झाडांचा चौक, बसायला दगडी कट्टे. रंगवण्याआधी कागदी पानं चिकटवून चाचणी घ्यायची होती. अक्षरओळख नसलेल्या माणसांना आत सोडायचं आणि नुसतं बघायचं.

चाचणीसाठी मी ईट गावाहून माझ्या चुलतीला, सखूकाकूंना आणलं. त्यात माझा डाव होता. सहा महिने त्यांच्या छातीत दुखत होतं, पण दवाखान्याचं नाव काढलं की विषय बंद. काका शेवटच्या आजारात शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात होते. काकू खाली चहा आणायला गेल्या आणि परतताना त्या बोळांमध्ये चुकल्या. वॉर्ड सापडला तोवर काका गेले होते. त्यानंतर त्यांनी दवाखान्याची पायरी चढली नव्हती. ईसीजीचं मशीन बसलं होतं, सिस्टरही रुजू झाली होती; चाचणीच्या निमित्ताने ईसीजी उरकून घ्यावा, एवढाच माझा बेत.

दारात पाऊल टाकताच काकू थबकल्या.

"हे लिंबाचं पान न्हवं? मयतीवरनं आल्यावर चावायचं? ह्याच्या मागं म्या न्हाय जायाची, बाई."

मी कपाळावर हात मारला. मला गारवा सुचला, औषध सुचलं, पाडवा सुचला... मयत तेवढी सुचली नव्हती!

"काकू, तुम्ही इथंच बाकड्यावर बसा. मी दुसरी पानं आणते."

पानं एका लांब चिकटपट्टीवर होती. ती ईसीजीच्या दारापर्यंत सोलून काढली आणि मागच्या दाराने गाडीकडे गेले. काकूंच्या बाकड्यावरून पहिलं वळणच काय ते दिसतं. पुढे अजून तीन आहेत, आणि फरशी आता कोरी होती.

दहा मिनिटांनी आले तर बाकडं रिकामं. काकू पुन्हा हरवल्या, आणि या वेळी माझ्यामुळे!

धावत सुटले. काकू ईसीजीच्या खोलीत पलंगावर शांत पडल्या होत्या. सिस्टर त्यांच्या हाताच्या अंगठ्यावरचं रक्त पुसत होती.

"काटा रुतला म्हणतात, मॅडम. इथं काटा कुठला?"

ईसीजीत गडबड निघाली. त्याच दुपारी काकूंना सोलापूरला हलवलं. आठवडाभर उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

नंतर मी दवाखान्याच्या बोळांतल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग पाहिलं. काकू एकट्या, न घाबरता चालताहेत. प्रत्येक वळणावर वाकतात, काहीतरी उचलतात, पदरात ठेवतात. चार वळणं, चारदा. फरशीवर काहीच दिसत नाही. शेवटी ईसीजीच्या दारापाशी थांबतात. तिथल्या रिकाम्या बाकड्याकडे बघून डोक्यावर पदर घेतात... आणि हसतात.

काकू बऱ्या झाल्यावर विचारलं.

"अगं, तुझं काका शेळ्या राखायचे. रोज नवा माळ. म्या भाकरी घिऊन मागनं जायाची, तर जिथं वाट फुटंल तिथं बाभळीची डहाळी टाकून ठिवायचे. तशाच व्हत्या की तिथं."

ही डहाळीची गोष्ट मी जन्मात ऐकली नव्हती. पदरात काही निघालं नव्हतं, सिस्टरने पाहिलं होतं. दवाखान्याच्या आवारात बाभूळ नाही. मग काटा कशाचा? रेकॉर्डिंग मी कितीदा तरी पाहिलं, अजून उलगडा नाही.

आता त्या वाटेवर लिंब नाही. चारही वळणांवर बाभळीची डहाळी रंगवली आहे. ईसीजीच्या दारापाशी मात्र फरशी कोरी का, असं लोक विचारतात. मीही काकूंना तेच विचारलं होतं, की तिथं का नाही वाकलात?

मला काहीच कसं कळत नाही, अशा नजरेने त्यांनी पाहिलं.

"तिथं डहाळी कशाला? तिथं ते सोताच बसल्याले व्हते की."